‘हो’ म्हणजे ‘नो’

रविवारी दुपारी एसटीतून उतरून ती घरी न जाता आधी माझ्याकडे आली. जत तालुक्यातली मुलगी. मिरजेत नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाची तीन वर्षं काढलेली, त्यातली दोन वर्षं माझ्या ओसरीवरच्या संध्याकाळच्या वर्गाला न चुकता येणारी. चार महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहरात, खाजगी रुग्णालयात तिला नोकरी लागली होती. तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, “बाई, मी बरोबरच सांगितलं होतं.”

झालं होतं ते असं. सकाळच्या यादीत सत्तरीतल्या एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. रात्री बारापासून त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, ही रात्रभर ड्युटीवर होती, तिला ते पक्कं ठाऊक होतं. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या राज्यातले, मराठी न येणारे. केसपेपर चाळता चाळता त्यांनी विचारलं, “ही हॅजन्ट ईटन एनिथिंग?” ही म्हणाली, “येस सर.” डॉक्टरांनी मान वर केली. “येस?” ही आणखी ठामपणे म्हणाली, “येस सर, येस.”

आजोबांचं नाव सकाळच्या यादीतून निघालं. पोटात काही असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून ही काळजी. डॉक्टरांचं त्यात चुकलं नाही. घोळ लक्षात येईपर्यंत थिएटर दुसऱ्या केसला गेलं होतं. आजोबा दुपारी तीनपर्यंत उपाशी राहिले, आणि हिला सगळ्या वॉर्डासमोर ऐकून घ्यावं लागलं की, साधं इंग्रजी समजत नाही तर कशाला आलात.

तिला इंग्रजी समजलं होतं. प्रश्न नीट समजला होता आणि उत्तरही खरं होतं. फक्त ते मराठीतलं होतं. “आजोबांनी काही खाल्लं नाही ना?” या प्रश्नाला आपण “हो” म्हणतो, म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर, नाही खाल्लं. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या वाक्याला मान डोलावतो. इंग्रजीतला ‘येस’ विचारणाऱ्याकडे बघतच नाही. तो घडलेल्या गोष्टीकडे बघतो. खाल्लं असेल तर येस, नसेल तर नो, मग प्रश्न कसाही विचारा. तिथे आपल्या ‘हो’चं इंग्रजी ‘नो’ होतं.

ती गेल्यावर मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. मी वर्गात काय घेतलं हे तारीख घालून लिहून ठेवते. ‘डू यू’ला ‘येस, आय डू’ आणि ‘नो, आय डोन्ट’, हे मी तिच्या तुकडीकडून तीन संध्याकाळी घोकून घेतलं होतं. नकारार्थी प्रश्न एकदाही विचारला नव्हता. सव्वीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवूनही तो खड्डा मला दिसला नव्हता, कारण परीक्षेच्या पेपरात तो कधी आला नव्हता. त्या आजोबांच्या उपासात माझाही वाटा होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

माझं स्वतःचं इंग्रजी पुस्तकातून आलं. वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिच्यावरून त्यांनी मला पाचवीच्या आधीच्या सुट्टीत वाक्यं करायला बसवलं. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पुढे बी.एड.ला रेन अँड मार्टिन जवळजवळ पाठ झालं. या पुस्तकांचे उपकार मी विसरणार नाही, वाक्याची हाडं मोजायला त्यांनीच शिकवलं. पण त्यांत एकाचं वाक्य असतं आणि एकच जण ते कागदावर उतरवत असतो. समोर घाईत असलेला दुसरा माणूस नसतो. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि मला वाटलं, आता मुलं बोलती होतील. त्या मुली बारावी होऊन माझ्या ओसरीवर आल्या, तेव्हा त्यांना शब्द आमच्यापेक्षा कितीतरी जास्त येत होते. तोंड मात्र तसंच मिटलेलं होतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं. आज सांगली-कोल्हापूरकडचे आणि पार उत्तर कर्नाटकातले रुग्ण इथे येतात. त्यामुळे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीही गावात भरपूर. जतच्या, कवठे महांकाळच्या, शिरोळच्या, काही सीमेपलीकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या. अभ्यासक्रम इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, नोंदी इंग्रजीत, आणि वॉर्डात मात्र दिवसभर मराठी नाहीतर कन्नड. इथे असेपर्यंत त्यांचं काही अडत नाही. पुणे, मुंबई, बंगळूर गाठलं की अडतं. परदेशी जायचं तर सगळंच अडतं. मी निवृत्त झाले २०१४ साली. त्याच वर्षी शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोघी वही घेऊन आल्या, “बाई, बोलायला शिकवा” म्हणाल्या, आणि वर्ग सुरू झाला.

आजोबांच्या त्या प्रसंगानंतर मी पद्धत बदलली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे त्या दिवशी वॉर्डात कानावर पडलेलं मराठी वाक्य, जसंच्या तसं. उजवीकडे त्याचं इंग्रजी आपण सगळ्यांनी मिळून शोधायचं. पाठ्यपुस्तकातून वाक्य आणायचं नाही. दुसरा नियम असा की एका संध्याकाळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करायची, बाकीच्या कानाआड. हे मला फार जड गेलं. लाल पेनाची सवय लागलेल्या हाताला चूक सोडून देणं म्हणजे कर्तव्यात कसूर वाटतं. पण दर तिसऱ्या शब्दाला अडवलेली मुलगी चौथा शब्द बोलतच नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिलं आहे की त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

‘हो’वर आम्ही अख्खा आठवडा घालवला. शेवटी ठरलं की वॉर्डात येस आणि नो यांच्या भरवशावर राहायचंच नाही. झालेली गोष्ट पूर्ण वाक्यात सांगायची. “ही हॅज हॅड नथिंग सिन्स मिडनाइट.” प्रश्न सरळ येवो की उलटा, हे वाक्य दोन्हीकडून एकच ऐकू येतं. मग मी उलटसुलट विचारत राहायची: इंजेक्शन दिलं नाही? सलाईन संपलं नाही? नातेवाईक आले नाहीत? पहिले दोन दिवस अर्ध्याअधिक जणी फसायच्या. त्यात इंजेक्शनच्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळाच यायचा. “इंजेक्शन दिलं नाही?” याला, दिलेलं असेल तर, मराठी मुलगी “नाही नाही, दिलं” अशी सुरुवात करणार. तिच्या “नो, नो”वर डॉक्टर वळून चालू लागले, तर पुढचं “दिलं” कुणी ऐकलं?

आकड्यांचंही असंच. पंधरा आणि पन्नास हे मराठीत एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. फिफ्टीन आणि फिफ्टी मात्र सख्ख्या बहिणींसारखे, आणि फोनवर तर जुळेच. शेवटच्या ‘टीन’वर जोर द्यायचा हे शिकवलं, पण तेवढ्यावर थांबले नाही. डोस सांगताना “फिफ्टीन, वन-फाइव्ह” असं आकडे सुटे करून म्हणायचं आणि ऐकणारीने तसंच परत म्हणून दाखवायचं. पुढे कळलं की मोठ्या रुग्णालयांत हीच शिस्त असते.

डावीकडची बाजू भरत गेली तशी मला एक गोष्ट दिसू लागली, जी फार आधी दिसायला हवी होती. मुलींच्या बहुतेक चुका म्हणजे इंग्रजी शब्दांत चालवलेलं बिनचूक मराठी व्याकरण होतं.

पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवायची, त्या हँडओव्हरच्या सरावात एक जण म्हणाली, “डॉक्टर केम ॲट नाइन, दे चेंज्ड द टॅबलेट.” मी विचारलं, किती डॉक्टर आले? एकच. मग ‘दे’ का? ती गोंधळली. तिच्या मनात “डॉक्टरसाहेब आले, त्यांनी गोळी बदलली” हे होतं. ‘त्याने बदलली’ म्हणायला तिची जीभ वळेना. वडिलांबद्दल बोलतानाही कितीतरी जणी ‘माय फादर आर’ म्हणून जातात. आईबापांनी अंगी बाणवलेला आदर तो. त्याला मी चूक कशी म्हणणार? मी फळ्यावर दोन भाषा शेजारी शेजारी मांडल्या आणि सांगितलं, मराठीत मान क्रियापदात असतो, इंग्रजीत तो दुसरीकडे ठेवलेला असतो, कुठे ते आपण पुढे शोधू. तोवर डॉक्टर एकच असतील तर ‘ही’ किंवा ‘शी’. नाहीतर रात्रपाळीची सिस्टर दुसरा डॉक्टर शोधत बसेल.

दुसरी म्हणाली, “पेशंट टोल्ड दॅट आय कान्ट स्लीप.” आपल्याकडे माणूस जे बोलला ते त्याच्याच तोंडून सांगतात: तो म्हणाला की मला झोप येत नाही. त्यातला ‘मला’ कोण, याबद्दल मराठी माणसाच्या मनात संभ्रम नसतो. इंग्रजीत मात्र झोप उडाली ती सिस्टरची. शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’चे पाच गुण असायचे, आणि मी ते मुलांना बदलाच्या तक्त्यासारखे शिकवले: नाऊचं देन, टुमॉरोचं नेक्स्ट डे. हे वाक्य बोलतंय कोण, एवढा एक प्रश्न आधी विचारला असता तर तक्ता लागलाच नसता.

आणि ‘मला’. या एका शब्दावर मी पुस्तक लिहू शकेन असं वाटतं. मला ताप आहे, मला भूक लागली, मला आठवत नाही, मला उठता येत नाही, मला कसंतरी होतंय. मराठीत ताप, भूक, आठवण या गोष्टी बाहेरून येतात आणि माणूस त्यांना अंगावर घेतो. इंग्रजीत त्याच माणसाला ‘आय’ म्हणून वाक्याच्या तोंडाशी उभं राहावं लागतं, जणू तापही त्यानेच आणला. मुलींना हे असं समजावलं तर त्या पुढचं वाक्य आपणहून नीट करतात. ‘कर्ता’ आणि ‘कर्म’ म्हटलं की डोळे मिटतात. व्याकरण शिकवू नये असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. व्याकरण हवंच, पण त्याची सुरुवात मुलीच्या तोंडात आधीपासून आहे त्या भाषेपासून व्हायला हवी.

सगळ्यात भरभरून संध्याकाळी गेल्या त्या दुखण्याच्या शब्दांच्या. एकीने सांगितलं, नर्सिंगच्या पुस्तकात ‘पेन’ हा एक शब्द आणि शून्य ते दहा अशी पट्टी आहे, पण रुग्ण असं काही बोलत नाहीत. मग काय बोलतात ते आणा म्हटलं. आठवडाभरात डावीकडे चाळीसेक शब्द जमले. ठणकतंय, चमक मारते, कळ येते, जळजळतंय, चुरचुरतंय, टोचतंय, मुरडा येतोय, अवघडलंय, बधिर झालंय. एक कन्नड घरातली मुलगी तिकडचे शब्द घेऊन आली आणि त्यांना आधी मराठी प्रतिशब्द शोधावे लागले. मग एकेक जोडी लावत गेलो. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, नाडीबरोबर उडणारा. चमक म्हणजे शूटिंग. थांबून थांबून येणारी कळ म्हणजे क्रॅम्प. चुरचुरणं म्हणजे स्टिंगिंग. आपल्याकडे पायाला मुंग्या येतात, तिकडे टाचण्या आणि सुया येतात, ‘पिन्स अँड नीडल्स’. हे ऐकून मुली इतक्या खुलल्या की कुणीतरी उठून पाय आपटत ते करून दाखवलं. पेनच्या आधी नुसता ‘इज’ लावून “स्टमक इज पेनिंग” म्हणणाऱ्या याच मुली महिन्याभरात “इट्स अ बर्निंग पेन, वर्स आफ्टर मील्स” म्हणू लागल्या. शब्द कळल्याबरोबर त्यांचा आवाजही मोठा झाला. आपल्याला जे नेमकं ठाऊक आहे ते सांगता येण्याची ताकद वेगळीच असते.

त्यांच्यातल्या काही जणी आता परदेशी जाण्याच्या परीक्षा देतात. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी यांपैकी एक चालते. ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागात दोन प्रसंग देतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. उमेदवार नर्स होते आणि समोरचा माणूस रुग्ण किंवा नातेवाईक. २०१८ पासून त्यात केवळ भाषेला गुण नाहीत. रुग्णाचं ऐकून घेतलं का, त्याची धास्ती ओळखली का, यालाही गुण आहेत.

इथे मला दुसरा धक्का बसला. माझ्या वर्गातली सगळ्यात मायाळू मुलगी, जिला वॉर्डातल्या म्हाताऱ्या नाव घेऊन बोलावतात, ती या सरावात म्हणाली, “गिव्ह हँड. डोन्ट मूव्ह. टेक टॅबलेट.” व्याकरण जवळजवळ ठीक. पण ऐकताना वाटलं, फौजदार उभा आहे. मी तिला म्हटलं, हेच मराठीत मला सांग, मी तुझी पेशंट. ती लगेच माझ्याजवळ बसली, मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, “आजी, जरा हात द्या बघू. हलू नका हं. एवढी गोळी घेऊन टाका ना.”

‘जरा’, ‘बघू’, ‘हं’, ‘ना’, आणि आधी ‘आजी’. सगळी माया या पाच बारक्या शब्दांत होती आणि इंग्रजीत जाताना तेवढेच शब्द गळून पडले होते, कारण शब्दकोशात त्यांना प्रतिशब्द नाही. आदर कुठे ठेवलेला असतो ते पुढे शोधू म्हणाले होते, ते इथे सापडलं. इंग्रजीत ‘तुम्ही’ नाही, पण “कुड यू” आहे. ‘जरा’ची जागा “जस्ट” घेतं. ‘बघू’साठी “फॉर मी” चालतं. ‘हं’ आवाजाच्या चढउतारात ठेवावा लागतो. “कुड यू जस्ट गिव्ह मी युअर हँड? दॅट्स इट. ट्राय नॉट टू मूव्ह फॉर मी.” तिने दहादा म्हटलं. अकराव्यांदा तिने नकळत माझं मनगट धरलं आणि मला कळलं की वाक्य आता तिचं झालं. त्या दिवसापासून सरावात दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींचा हात धरायचाच, असा नियम केला. बाकांवर ओळीने बसून संभाषण शिकता येत नाही, हे मला हायस्कुलात असताना कळायला हवं होतं.

आमच्या स्टँडवर आणि रस्त्यांवर तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या पाट्या असतात. त्यांतल्या काही ठिकाणी मुलींनी मोठी फी भरलेली असते. मला त्या ‘फाडफाड’चा राग येतो. आजारी माणसाशी कुणी फाडफाड बोलत नाही. तिथे थांबावं लागतं, पुन्हा विचारावं लागतं, “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” म्हणावं लागतं. हे वाक्य मी आता पहिल्याच दिवशी शिकवते. न समजल्याचं कबूल करता आलं नाही म्हणून गप्प बसलेल्या मुली मी फार पाहिल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या काळापासून आपण इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत आलो. त्या काळात त्या शब्दांनी पुष्कळांना बळ दिलं असेल, पण माझ्या ओसरीवर येणाऱ्या मुलींना त्यातली वाघीण तेवढी दिसते.

जतची ती मुलगी पुन्हा त्याच रुग्णालयात गेली. त्या डॉक्टरांना तिने पुढच्या यादीच्या दिवशी आपणहून जाऊन सांगितलं, “ऑल फोर पेशंट्स हॅव हॅड नथिंग सिन्स मिडनाइट, सर.” त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. एवढंच झालं, पण ते सांगायला तिने रात्री फोन केला. तीन वर्षांनी परीक्षा देऊन ती इंग्लंडला गेली.

दुखण्याच्या त्या वहीत डावीकडचा एक शब्द कित्येक महिने एकटाच होता. कणकण. अंगात कणकण आहे. मी ‘फीव्हरिश’ सुचवलं, तर सगळ्यांनी एका सुरात नाही म्हटलं. “बाई, ताप आलाय तो वेगळा. कणकण म्हणजे अजून आला नाही, पण येणार आहे, हे आतल्या आत कळतं.” शब्दकोश पाहिले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. उजवीकडची जागा मोकळीच राहिली.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी जतच्या त्या मुलीचा इंग्लंडहून व्हॉट्सॲपवर आवाज आला, तिकडे सकाळी रात्रपाळी संपवून बसची वाट पाहत बोलत होती, मागे वाऱ्याचा आवाज. “बाई, वही उघडा. कणकण सापडली. काल एक आजी अंगाभोवती शाल ओढून घेत मला म्हणाल्या, ‘आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग.’ मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. पहाटे चारला आला.”